इंदूरच्या काकांचा संगणक आणि तेरा दिवसांची मुदत

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाला 'शुद्धिपत्रक' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. राजपत्रात एखादा नियम छापून येतो. महिन्याभराने कुणाच्या तरी लक्षात येतं की अमुक कलमात 'असेल'च्या जागी 'नसेल' पडलंय. मग एक चिमुकलं शुद्धिपत्रक निघतं. मूळ राजपत्र कुणी फेकून देत नाही. हुशार कारकून फाईल उघडतो, ती चिठ्ठी त्या पानाला डकवतो आणि गप्प बसतो. जो डकवत नाही, तो पुढची पाच वर्षं चुकीच्या नियमावर टिपण्या लिहीत राहतो आणि त्याला वाटत असतं, आपलं सगळं सुरळीत चाललंय!

संगणकाचं अपडेट म्हणजे याहून फार निराळं काही नाही. मी बी.ए. मराठीवाला. संगणकाशी माझा संबंध टंकलेखनापुरता. तरी घरी गेली काही वर्षं लिनक्स वापरतो, त्यामुळे नातेवाईकांत माझी उगाचच 'जाणकार' अशी ख्याती झाली आहे. तसं गोव्याला लिनक्स अगदीच परकं नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी शाळांना परदेशातून आलेले वापरलेले संगणक मिळाले होते आणि त्यांवर लिनक्सच घातलेलं होतं. असो. सांगायचं आहे ते इंदूरचं.

२०२५ च्या नोव्हेंबरात मावशीकडे इंदूरला जाणं झालं. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने रात्रीचं निघायचं, सकाळी उतरायचं आणि थेट पोहे-जिलेबीच्या ताटलीसमोर बसायचं, हा शिरस्ता. काका, म्हणजे मावशीचे यजमान, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. वय अठ्ठ्याहत्तर. नोव्हेंबर म्हणजे निवृत्तांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. काकांनी तो देऊन टाकला होता, म्हणजे सरकारदरबारी ते आणखी एक वर्ष जिवंत होते. "आता माझा झाला," ते म्हणाले, "पण या डब्याचा काही भरोसा नाही. तू एकदा पाहून घे."

डबा म्हणजे त्यांचा टेबलावरचा संगणक. दहा-अकरा वर्षांचा, चार जीबी मेमरीचा. विंडोज त्यावर रांगायला लागलं तेव्हा शेजारच्या एका कॉलेजातल्या मुलाने उबंटू घालून दिलं होतं. आवृत्ती २२.०४. उबंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे जन्मतारीखच असते. २२.०४ म्हणजे २०२२ चा एप्रिल. तो मुलगा पुढे नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना, काकांची कटकट नको म्हणून, अपडेटच्या खिडकीतला पर्याय 'नेव्हर' करून गेला. काकांना हवंही तेच होतं. तीन वर्षांहून जास्त काळ एकही शुद्धिपत्रक डकवलेलं नव्हतं!

"काका, असं का केलंत?" मी विचारलं.

"अरे, चालू गाडीला हात कशाला लावायचा? अपडेटनं एकदा माझी दोनशे पानं खाल्ली आहेत. दुसऱ्यांदा खाऊ देणार नाही."

ही दोनशे पानं कसली, ते सांगायला हवं. मंदसोरच्या तहानंतर, १८१८ साली, होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्याच्या आधीपासून आणि नंतरही आपली मराठी माणसं माळव्यात जाऊन राहिली. या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा मराठी साहित्य संमेलनं भरली. महाराष्ट्राबाहेरच्या किती गावांना हे जमलं असेल? पण घरातली मराठी सभागृहात टिकत नाही, ती स्वयंपाकघरात टिकते किंवा तिथेच संपते. काकांची नातवंडं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. म्हणून काकांनी निवृत्तीनंतर एक उद्योग मांडला. इंदूरच्या मराठी घरांत बोलले जाणारे शब्द, म्हणी, पदार्थांची नावं, जुन्या बायकांच्या तोंडची वाक्यं, असं सगळं टिपून ठेवायचं. सराफ्यात मिळणारा 'भुट्टे का कीस' घ्या. भुट्टा हिंदी आणि कीस आपला. एकाच ताटलीत दोन भाषा आणि वर लिंबू! अशा नोंदी.

पहिली दोनशे पानं त्यांनी जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटात टंकली होती. त्या काळच्या फाँटांची गंमत माहीत आहे ना? संगणकाच्या पोटात अक्षरं रोमनच असायची, फाँट त्यांना वरून फक्त मराठी अंगरखा चढवायचा. अंगरखा गेला की आत नुसती एबीसीडी. एकदा संगणक बिघडला, काकांनी तो दुकानात दिला. दुकानातल्या मुलाने सगळं पुसून नव्याने बसवून दिलं आणि म्हणाला, "अंकल, अपडेट कर दिया." फाईल शाबूत होती, पण फाँट गेला होता आणि कोणता होता ते कुणाला आठवेना. काकांनी उघडून पाहिलं तर दोनशे पानं रोमन अक्षरांचा चिवडा. त्यांनी दोन वर्षं बसून सगळं नव्याने, या वेळी युनिकोडमध्ये, टंकलं. तेव्हापासून 'अपडेट' हा शब्द त्यांच्या लेखी शिवीसारखा.

त्यांची भीती हसण्यावारी न्यावी अशी नव्हती. फक्त तिने चुकीच्या माणसाचा हात धरला होता. पानं खाल्ली ती फॉरमॅटने. अपडेट तुमच्या लिखाणाच्या कपाटाला हात लावत नाही. ते प्रणालीच्या कपाटातली पानं बदलतं. हे मी काकांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. मग मी सरकारी मार्ग धरला. आधी नक्कल, मग कारवाई. त्यांचं सगळं लिखाण दोन पेन ड्राईव्हवर उतरवलं. एक मावशीच्या देव्हाऱ्याखालच्या खणात गेला, दुसरा माझ्या खिशात. तेव्हा कुठे काकांनी खुर्ची सरकवून मला जागा दिली.

आता त्या खिडकीविषयी. उबंटूमध्ये 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' नावाचं एक दालन असतं. त्यातल्या पहिल्या पानावर माल कुठून आणायचा ते ठरवायचं असतं. मेन, युनिव्हर्स, रिस्ट्रिक्टेड आणि मल्टिव्हर्स अशी चार गोदामं आहेत. मेनची जबाबदारी उबंटू काढणारी कॅनॉनिकल कंपनी घेते, युनिव्हर्स बहुतांशी स्वयंसेवक सांभाळतात, उरलेल्या दोहोंत मालकी हक्काच्या किंवा परवान्याच्या अटी असलेल्या वस्तू. खाली 'डाऊनलोड फ्रॉम'मध्ये भारतातला सर्व्हर निवडता येतो. तो ठेवला.

काकांनी इथे मोलाचा प्रश्न विचारला. "हा माल खराच उबंटूचा आहे कशावरून? वाटेत कुणी भेसळ केली तर?" मी म्हटलं, "काका, तुम्ही जन्मभर कागदावरचा शिक्का आणि सही तपासून मगच तो पुढे पाठवलात. इथेही तेच आहे." मालाची जी यादी येते तिच्यावर उबंटूची डिजिटल सही असते. यादीत प्रत्येक पॅकेजच्या ठशाचा आकडा असतो. पॅकेज उतरलं की संगणक ठसा काढून यादीशी ताडून पाहतो. जुळला नाही तर माल परत. टपाल कुठल्या गाडीने आलं याला महत्त्व नाही, सही कुणाची आहे याला आहे. काका पहिल्यांदाच समाधानाने हं म्हणाले.

खरी गोष्ट तिसऱ्या पानावर, 'अपडेट्स' या टॅबमध्ये. तिथे चार गोष्टी ठरवायच्या. नवीन काही आलंय का हे किती दिवसांनी पाहायचं? रोज, दोन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने की कधीच नाही? आम्ही 'रोज' केलं. पाहणं म्हणजे यादी आणणं, त्यात काही बदलत नाही. दुसरं, सुरक्षेची अपडेट्स आली तर काय करायचं? नुसतं सांगायचं, उतरवून ठेवायची, की उतरवून बसवायची? इथे मी 'उतरवून बसवा' निवडलं. सुरक्षेचं शुद्धिपत्रक आलं की ते डकवायचंच, त्यात साहेबांची मंजुरी कशाला? तिसरं, इतर अपडेट्स. ती आठवड्यातून एकदा दाखव म्हटलं. रोज दाखवली की माणूस वैतागतो आणि वैतागलेला माणूस 'नेव्हर' निवडतो, हा अनुभव समोरच होता.

चौथा प्रश्न नव्या आवृत्तीचा. उबंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, पण तिला आधार नऊ महिन्यांचाच. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते ती 'लाँग टर्म' आवृत्ती, तिला पाच वर्षं शुद्धिपत्रकं मिळतात. काकांना शब्दकोश लिहायचा आहे, दर सहा महिन्यांनी घर बदलायचं नाही. म्हणून 'फक्त लाँग टर्म' हा पर्याय. त्यांच्या २२.०४ चा नेहमीचा आधार २०२७ पर्यंत आहे. उबंटू प्रो नावाची नोंदणी केली की तो आणखी पाच वर्षं वाढतो, आणि घरगुती वापरासाठी पाच संगणकांपर्यंत ती फुकट आहे.

हे सगळं चाललेलं असताना कोपऱ्यात एक सूचना उगवली. फायरफॉक्सचं अपडेट थांबलेलं आहे, अडथळा नको असेल तर ब्राउझर बंद करा, तेरा दिवस उरले. काकांचा चेहरा गंभीर झाला. "हे बघ, हे अधूनमधून येतं. मी तुझ्या मावशीला सांगितलं नाही. या वयात तेरा दिवस उरले म्हटलं की मनात नको ते येतं." मी हसू आवरू शकलो नाही. त्यामागचं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे. उबंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स 'स्नॅप' नावाच्या वेगळ्या डब्यात येतो आणि हे स्नॅप वरच्या कुठल्याही पर्यायाला विचारत नाहीत. ते दिवसातून चार वेळा स्वतःच नवी आवृत्ती आहे का पाहतात आणि स्वतःला बदलून घेतात. ब्राउझर उघडा असेल तर काही दिवस थांबतात, त्याचीच ती मुदत.

"म्हणजे तीन वर्षं हे माझ्या पाठीमागे चालूच होतं?"

"हो काका. आणि एक पान तरी गेलं का?"

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मावशी आतून म्हणाली, "झालं का रे समाधान त्यांचं? आता चहा घ्या." माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा त्या तेरा दिवसांनीच काम केलं.

तरीही प्रामाणिकपणे सांगायला हवं की 'चालू गाडीला हात लावू नये' हे म्हणणं अगदी खोटं नाही. दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून पाहा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या कचेऱ्या बंद पाडल्या, ब्रिटनची इस्पितळं अडली. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच काढलं होतं. औषध दोन महिने आधी येऊन पडलं होतं, घेतलं नव्हतं. आता दुसरं. २०२४ च्या मार्चमध्ये लिनक्सच्या जगात एक्सझेड या लहानशा साधनाच्या नव्या आवृत्तीतच कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो खोदत गेला, म्हणून ते सापडलं. तिथे ज्यांनी घाईने सर्वांत नवी आवृत्ती घेतली होती त्यांनाच धोका होता. जुन्या, स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

मग करायचं काय? दोन्हींतून निघणारं उत्तर एकच. घर जुनं ठेवा, पण शाकारणी चुकवू नका. आपल्याकडे मिरगाआधी नळे परततात, फुटके काढून नवे घालतात. त्यासाठी कुणी घर पाडत नाही. आणि 'गेल्या पावसात गळलं नाही' म्हणून शाकारणी टाळणाऱ्याचं काय होतं, ते आषाढात कळतंच. लाँग टर्म आवृत्ती आणि तिच्यावर नेमाने सुरक्षेची अपडेट्स, याचा अर्थ तोच.

दुपारी अडीचला काम सुरू केलं. तीन वर्षांची थकबाकी म्हणजे सहाशेच्या वर पॅकेजेस निघाली. इन्व्हर्टर चालू आहे ना ते पाहिलं, कारण बसवता बसवता वीज गेली तर घोटाळा. काका शेजारी बसून सरकणाऱ्या ओळी वाचत होते, जणू निकालपत्र लागतंय. काही पॅकेजेस मात्र मागे राहिली. उबंटू काही अपडेट्स एकदम सगळ्यांना देत नाही. थोड्या संगणकांना देऊन पाहतो, तक्रार आली नाही तर पुढच्यांना. रेशनच्या दुकानात आधी दहा कार्डं घेतात तसं. तीही येतील म्हटलं. मग रीस्टार्टची सूचना आली. इथे काकांनी माझा हात धरला.

"नाही उठला तर?"

"प्रणालीचा जुना गाभा पुसलेला नाही काका. नवा चालला नाही तर सुरुवातीच्या यादीतून जुन्यावर जाता येतं."

उठला. काकांनी स्वतः फाईल उघडली आणि थेट आपल्या ठरलेल्या पानावर गेले. तिथे त्यांनी तपासणीसाठीच काही शब्द लिहून ठेवलेले होते. तऱ्हा. आचार्यांना आणि त्याखाली आचाऱ्यांना. आणि ॲ. हे तीन का, ते मराठी माणसालाच कळेल. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. हिंदीला हा अर्धचंद्री र लागत नाही, आपल्याला लागतो. आणि ॲ हे अक्षर तर युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या संगणकांना ते ठाऊकच नव्हतं. काकांच्या जुन्या विंडोज एक्सपीवर त्याच्या जागी नुसता चौकोन दिसायचा. नव्या फाँटाचं अपडेट कुणीतरी घडवलं, पाठवलं, संगणकाने घेतलं, तेव्हा कुठे त्या चौकोनाचा ॲ झाला. अपडेटनं मराठी खाल्ली म्हणणाऱ्या काकांना मी एवढंच दाखवलं की मराठीचं एक अक्षर अपडेटनंच आणून दिलंय. ते चष्मा काढून पुसत बसले.

परतताना गाडीत मी याच गोष्टीचा विचार करत होतो. भाषेच्या खिडकीत 'नेव्हर' हा पर्याय नसतोच. पगार, चावी, घमेलं, बिजागरी हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, गोव्यात उतरले आणि आज पुण्याचा माणूसही ते आपलेच समजून वापरतो. कुणी मंजुरी दिली होती? काकांच्या इंदुरी मराठीत हिंदी शब्द तसेच मुरले. ते टिपायलाच तर काका बसले आहेत. भीती नव्या शब्दांची नाही. भीती आहे ती आधार संपण्याची, म्हणजे ती बोलणारं, दुरुस्त करणारं घरात कुणी न उरण्याची. ज्या आवृत्तीला शुद्धिपत्रकं यायची थांबतात, ती त्या दिवशी बंद पडत नाही. चालत राहते. फक्त तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

काकांची नात आता त्या फाईलचं काम पाहणार आहे. मी निघण्याआधी काकांनीच तिला बसवून अपडेटची खिडकी दाखवली. नात हिंदीत प्रश्न विचारत होती, काका मराठीत उत्तरं देत होते. शेवटी कालनिर्णयाच्या मागे त्यांनी लिहून ठेवलं, 'एप्रिल २०२७ च्या आधी नवी आवृत्ती. आधी नक्कल, मग कारवाई.'

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, गावच्या घरी तर नक्कीच, असा एखादा जुना डबा असेल आणि त्यासमोर बसणारं एखादं म्हातारं माणूस. या चवथीला घरी जाल तेव्हा माटोळी बांधून झाली की दहा मिनिटं तिथे बसा. खिडकी उघडा, 'नेव्हर' आहे का पाहा. पण त्याआधी विचारा, का केलं होतं म्हणून. उत्तरात बहुतेक एखादी हरवलेली फाईल निघेल. ती ऐकून घ्या, मग माऊसला हात लावा.